चार सेकंद हलू नका

कोल्हापुरात आतषबाजीचा फोटो काढायचा तर कॅमेरा, ट्रायपॉड, रिमोट हे सगळं पैसे टाकले की मिळतं. गच्ची मिळत नाही. गच्चीला ओळख लागते, आणि ओळखही साधी चालत नाही. ‘मेव्हण्याच्या मित्राचं घर आहे गुजरीत’ एवढ्या भांडवलावर गेलेला हौशी फोटोग्राफर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडवला जातो. पेठ कुठली, तालीम कुठली आणि फुटबॉलला शिट्ट्या कुणासाठी मारता, या प्रश्नांची उत्तरं घरमालकाला पटली तर चौथी पायरी. पाटाकडीलवाल्याने दिलबहारवाल्याच्या गच्चीवर ट्रायपॉड उभा करणं हा मग नुसता फोटोग्राफीचा मामला राहत नाही.

एवढा खटाटोप ज्या रात्रीसाठी, ती रात्र अंबाबाईच्या रथोत्सवाची. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, आणि दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेच्या रात्री, देवी चांदीच्या रथातून नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वारातून निघालेला रथ गुजरी, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर असं करत परत महाद्वारात येतो. रस्ताभर रांगोळ्या आणि फुलांच्या पायघड्या, वर शोभेची दारू.

जगात मोठ्या आतषबाजीला वेळापत्रक असतं. सिडनीच्या पुलावर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री काय होणार हे तिथल्या फोटोग्राफरला ठाऊक असतं. तो दुपारपासून जागा धरतो, पुलाकडे तोंड करतो आणि वाट बघतो. कोल्हापुरात तोंड कुठं करायचं इथूनच सुरुवात. रथ एका चौकात, पहिला बार दुसऱ्या चौकात, आणि तिसऱ्या चौकातल्या मंडळाने ‘त्यांच्यापेक्षा एक जादा’ म्हणून राखून ठेवलेली पेटी भलत्याच वेळी उघडलेली. कॅमेरा गुजरीकडे रोखला की आकाश बिनखांबीकडे फुलतं. घाईने तिकडं वळवला की मागे उभी असलेली मंडळी एकदम ‘आऽऽ’ करतात, आणि त्या ‘आऽऽ’वरून कळतं की वर्षातला सगळ्यात चांगला फोटो आत्ता पाठीमागे होऊन गेला.

उंचावरून दारूकाम बघायची हौस मराठी माणसाला आजची नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास लिहिला. तो १९५३ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाला. त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकिकत आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवतात: तिथे दारूची लंका उभी करतात, राक्षस दारूचे, वानर दारूचे, आणि शेपटी पेटलेला दारूचा मारुती इकडून तिकडे उडत ती लंका जाळतो. ऐकून पेशव्यांना ती बघायची इच्छा झाली. मग पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका रचली गेली आणि पेशव्यांनी सरदारांसह ती पर्वतीवरून बघितली. जागेची निवड पक्क्या फोटोग्राफरची आहे: दारू खाली, आपण वर, मधे काही नाही. फक्त पेशव्यांना त्यासाठी कुणाच्या मेव्हण्याची ओळख काढावी लागली नाही.

रथोत्सव बहुधा एप्रिलमध्ये येतो, आणि एप्रिलात कोल्हापुरातली गच्ची मालकाचीही नसते. ती काकूंची असते. वर्षाचं तिखट याच दिवसांत व्हायचं असतं. दिवसभर पापड, कुरडया, सांडगे उन्हात असतात. संध्याकाळी त्यांना खाली नेतात, पण मिरच्या वरच राहतात: देठं खुडलेली ब्याडगी, संकेश्वरी, एका जुन्या चादरीवर ओढून ढीग केलेली, वरून दुसरी चादर, चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. एका बाजूला पाण्याची काळी टाकी. टाकीच्या नळापासून डिशच्या खांबापर्यंत कपड्यांची दोरी, दोरीवर विसरलेला एक टॉवेल. उरलेल्या जागेत ट्रायपॉडचे तीन पाय आणि घरातली सतरा माणसं. त्यातली दोन-चार सकाळीच जोतिबावरून उतरलेली, कानामागचा गुलाल अजून न गेलेला. कौतुकाने वाकून लेन्समध्ये बघताना त्यातला चिमूटभर काचेवर पडतो. नंतर सगळ्या फोटोंवर जी गुलाबी झाक दिसते ती बघून लोक विचारतात, “फिल्टर कुठला?”

“मिरच्या तेवढ्या तुडवू नगंस बाबा,” एवढ्या एका अटीवर काकू गच्ची देतात. दुसरी अट त्या शेवटाला राखून ठेवतात.

दारूकामाचा फोटो काढणं तसं सोपं आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, फोकस हाताने लांबवर लावून तिथेच ठेवायचा, आणि शटर दोन ते आठ सेकंद उघडं. इतर फोटोंत प्रकाश वस्तूवर पडतो. इथे ठिणगी हाच प्रकाश. ती सरकत जाते आणि सेन्सरवर आपली रेघ आपणच ओढते. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागात मिटलं तर काळ्या आकाशात नुसते ठिपके येतात. चार सेकंद उघडं राहिलं तर देठापासून पाकळ्यांच्या टोकापर्यंत अख्खं फूल उतरतं. रंग दाट की फिका ते छिद्रावर, रेघ किती लांब ते वेळेवर. अट एकच: त्या चार सेकंदांत ठिणगीशिवाय कशानेही हलायचं नाही.

ही अट कोल्हापूरला मंजूर नाही. खालून बँड जात असतो आणि त्याच्या ठेक्यावर गच्चीवरची बारकी पोरं उड्या मारत असतात. जुन्या घराचा स्लॅब त्या प्रत्येक उडीची नोंद ट्रायपॉडकडे करतो. नळाला पाणी आलं की मोटर लागते, मग देवीचा रथ दारात असो नसो, आणि मोटर लागली की टाकीपासून कठड्यापर्यंत एक बारीक थरथर सुटते. फोटोत तेव्हा दारूचं फूल न येता लोकरीचा गुंडा येतो. सगळ्यात वाईट म्हणजे वारा फिरून मिरच्यांवरची चादर उचलली जाणं. पहिली शिंक पोरांना येते, दुसरी आजींना, तिसरी कॅमेऱ्यामागे. रिमोट वापरला तर बोटाचा धक्का कॅमेऱ्याला लागत नाही हे खरं. पण ट्रायपॉडला खेटून दिलेल्या शिंकेवर कुठल्याही कंपनीने अजून रिमोट काढलेला नाही.

बटण कधी दाबायचं यावर गच्चीवर एकमत असतं, आणि ते चुकीचं असतं. “दाब, दाब, दाब!” असा गलका उठतो तो बार फुटल्याचा आवाज कानावर आला की. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. सातशे मीटरवरच्या चौकात फुटलेल्या गोळ्याचा आवाज गच्चीवर यायला दोन सेकंद लागतात, तोवर पाकळ्या विझून राख खाली यायला लागलेली असते. जाणता फोटोग्राफर नजर छपरांच्या रेघेवर ठेवतो. नळीतून सुटलेली बारीक ठिणगी वर चढताना दिसली की शटर उघडायचं आणि फूल विझलं की मिटायचं. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हे कोल्हापूरचं ब्रीद कुणी काय बघून बनवलं असेल ते असो. शटरच्या बटणासाठी यापेक्षा चांगली सूचना कॅमेऱ्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत नसते.

काही जण आणखी एक जुनी युक्ती करतात. शटर अर्धा मिनिट उघडंच ठेवायचं आणि लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा. बार चढला की पुठ्ठा काढायचा, विझला की परत धरायचा. एका फोटोत तीन-चार फुलं जमतात. बघणाऱ्याला मात्र हा प्रकार उमगत नाही. एवढं आकाश पेटलेलं असताना हा गडी कॅमेऱ्याचे डोळे का झाकतोय? गच्चीवर त्याचा खुलासा लगेच होतो: “दिष्ट लागती आसंल लेन्सला.”

चंद्राचाही त्रास आहेच. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन अमावस्येला, त्यामुळे आकाश कसं काळंभोर मिळतं. रथोत्सव पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. रथ निघेपर्यंत जवळजवळ पुरता चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असतो, आणि चार सेकंदांच्या फोटोत तो चंद्र राहत नाही. पांढरी भाकरी होते. भाकरी चौकटीबाहेर ठेवावी तर नेमकं मंदिराचं शिखर बाहेर जातं. त्यात धूर. पहिल्या पाच मिनिटांत हवा स्वच्छ असते, तेव्हाचेच फोटो खरे. नंतर प्रत्येक बार आधीच्या बाराच्या धुरात फुटतो आणि आकाशाचं पिठलं होतं. म्हणून अनुभवी माणूस वाऱ्याकडे पाठ करता येईल अशी गच्ची शोधतो. या दिवसांत संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून, कोकणाच्या अंगाने येतो, तेव्हा रथाच्या पश्चिमेची गच्ची उत्तम. ही माहिती गच्चीवाल्यांनाही असती तर पश्चिमेकडच्या काकूंनी अटी वाढवल्या असत्या.

मोबाइलवाल्यांची गोष्ट निराळी. फोनचा नाइट मोड अनेक फोटो पटापट काढून एकावर एक रचतो, सावकाश सरकणाऱ्या ठिणग्यांची त्यात सरमिसळ होते आणि काळं आकाश राखाडी उजळतं. नाइट मोड बंद करून व्हिडिओ घ्यावा आणि त्यातली एक चौकट उचलावी, हा साधा उपाय. पण गच्चीवर तो सांगायला जाऊ नये, कारण मग सतरा फोन तपासायला हातात येतात.

रंगांचा हिशेब रसायनशास्त्राचा आहे. लाल स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, लखलखीत पांढरा ॲल्युमिनियम नाही तर मॅग्नेशियमचा. भुईनळ्यातली आणि फुलबाजीतली सोनेरी ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कीस. निळा सगळ्यात नखरेल: ज्वाला जास्त तापली की रंग देणारं तांब्याचं संयुगच मोडतं, म्हणून दाट निळं फूल आकाशात क्वचित दिसतं आणि फोटोग्राफर त्याची चातकासारखी वाट बघतात. हिरव्याची भानगड वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांतल्या बेरियमवर बंदी घातली, माळांवरही घातली. तेव्हापासून आकाशात भडक हिरवं काही फुललं की फोटोग्राफर आधी बटण दाबतो आणि मग नागरिक होतो.

पण कोल्हापूरचा खरा जीव रंगात नाही, आवाजात आहे. बार म्हणजे छातीत वाजला पाहिजे. भारताने क्रिकेटचा सामना जिंकला की शिवाजी चौकात जे होतं ते बघायला कुणी जात नाही. त्यात सामील व्हायला आणि ऐकायला जातात. आवाजाचा फोटो येत नाही, ही या कलेची मोठी पंचाईत. सगळी गच्ची ज्या बाराला “नाद खुळा!” म्हणून दाद देते त्याचं सेन्सरवर उमटतं काय, तर एक पांढरा डाग. आणि लांबवर, मुकाट्याने, सावकाश झिरपत उतरणारी सोनेरी वेल, जिच्याकडे कुणी मान वळवून बघितलेलं नसतं, ती येते सुरेख. मग कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तो फोटो बघून लोक शपथेवर सांगतात की असलं काही आज झालंच नाही.

फटाक्यांच्या चित्राला पसंती मिळवणं पूर्वीही अवघडच होतं. जेम्स व्हिसलर याने लंडनच्या क्रेमॉर्न बागेतल्या आतषबाजीचं, कोसळत्या अग्निबाणाचं चित्र काढलं. काळं आकाश, धूर, थोड्या सोनेरी ठिणग्या. जॉन रस्किन हा त्या काळचा मोठा समीक्षक. त्याने लिहिलं की रंगाचं भांडं लोकांच्या तोंडावर फेकायचे हा गृहस्थ दोनशे गिनी मागतो. व्हिसलरने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. १८७८ साली तो जिंकलाही, आणि नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. दाव्याच्या खर्चाने पुढे त्याचं दिवाळं निघालं. कोल्हापुरातला समीक्षक निदान तोंडावर बोलतो. “ह्ये काय, जटा पिंजारल्यागत?” एवढं म्हणून तो पुढच्या फोटोकडे वळतो, आणि भरपाई म्हणून चहाही येतो.

खरं तर स्थिर राहण्याची अपेक्षा या गावाकडून करणंच चूक. कोल्हापूरचा कॅमेऱ्याशी सोयरसंबंध जुळला तो हलत्या चित्रांतून. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच घडवला आणि त्याच्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ केला. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. गच्चीवर अंधाराशी झगडणाऱ्यांनी आपला मूळपुरुष मानावा असा हा माणूस. १९२९ साली ‘प्रभात’ही इथेच सुरू झाली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे आणि सिनेमावाली मंडळी तिथे जाऊन त्याला मानवंदना देतात. तेव्हा इथल्या माणसाच्या मनात कॅमेरा समोर आला की एकच गोष्ट येते: काहीतरी करून दाखवायचं. फेटा सावरायचा, मिशीवर हात फिरवायचा, धावत जाऊन शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा. ‘चार सेकंद हलू नका’ ही सूचना त्याला कॅमेरा बिघडल्यासारखी वाटते.

रथ भवानी मंडपाकडून पुढे सरकला, चहाचे कप उतरले, की काकूंची दुसरी अट येते. “आता आमचा सगळ्यांचा एक काढ. मागं दारूकाम दिसाय पायजे बघ.”

मागणी साधी वाटते. ती साधी नाही. माणसं अंधारात, दारू उजेडात, आणि दोन्ही एका चौकटीत हवीत. त्यासाठी शटर उघडताच फ्लॅश मारायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागात माणसं टिपली जातात. मग शटर तसंच चार सेकंद उघडं ठेवायचं, म्हणजे मागचं फूल उतरतं. या चार सेकंदांत माणसांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. फोटोग्राफर हे सविस्तर समजावून सांगतो. सगळे माना डोलावतात. आजींना मधे खुर्चीत बसवतात, काकू उजवीकडे, लेक डावीकडे, मागे जावई, पुढे पोरं मांडी घालून.

फ्लॅश उडतो. आणि फ्लॅश उडाला म्हणजे फोटो निघाला, हे ज्ञान चार पिढ्यांचं आहे. पहिल्या सेकंदाला पोरं उठून कठड्याकडे पळतात. दुसऱ्याला काकू त्यांच्यावर ओरडायला मान वळवतात: “आरं हलू नगा म्हंटलंय न्हवं!” तिसऱ्याला जावयांचा फोन वाजतो आणि ते बोलत टाकीकडे निघतात. चौथ्या सेकंदाला मागे स्ट्रॉन्शियमचं असं लालबुंद फूल फुटतं की तोड नाही.

फोटो पडद्यावर येतो आणि सगळी डोकी त्याच्यावर. आजी मात्र ठसठशीत. गुडघ्यांमुळे त्यांना उठता आलेलं नाही. काकूंना दोन तोंडं, एक हसरं, एक रागावलेलं, आणि घरच्यांच्या मते दोन्ही हुबेहूब. पोरांच्या जागी पातळ सावल्या, त्यांच्यातून पलीकडचा दिव्यांनी उजळलेला कठडा दिसतो. लेकीचा एक खांदा पुसला गेलेला. “मी न्हाई हललो, ह्यांनीच जाताना ढकललं मला,” ती म्हणते. आणि जावई! ते आहेत, पण नाहीत. पांढऱ्या शर्टाची नुसती झाक, आणि बरोबर पोटातून लाल फूल उमललेलं.

परत काढायचा तर आता मागे काही उडत नाही. रथ महाद्वारात पोचलेला असतो. खालची गर्दी गंगावेशकडे धारोष्ण दूध प्यायला निघालेली असते. जावई फोन संपवून येतात, फोटो बघतात आणि काही बोलत नाहीत. आजी चष्मा मागवून घेतात, बराच वेळ बघतात आणि फोटो छान आलाय म्हणतात.

“मोठा करून आण,” काकू सांगतात. “हॉलमधे लावू. फकस्त जावईबापूंना जरा दाट कर.”

फोटोग्राफर “करतो की काकू” म्हणतो, कारण पुढच्या चैत्रात गच्ची लागणार असते.